काचेवरची पांढरी रेघ

माशांच्या टाकीत पाण्याच्या पातळीशी काचेवर एक पांढरी रेघ उमटते. पाणी थोडं उतरवून, लिंबाची फोड घासून मी ती काढतो. पंधरा दिवसांत पुन्हा येते. आमच्या वाटूर गावात ही रेघ माठावर आहे, बादलीत आहे, हीटरच्या कॉइलवर तर थरच्या थर. बोअरचं पाणी जड. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण हे पाणी माशांना काय करतं, ते कळायला मला पूर्ण एक उन्हाळा लागला.

पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ ५६ लिटर, पण थोडी कमी भरायची म्हणजे पन्नासच धरा. त्यात निऑन टेट्रा आणले, कारण मंद उजेडातही त्यांची निळी रेघ चमकते. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत बोटभर पाणी उडून जायचं आणि मी तांब्याने वरून भर घालायचो. पातळी नेहमी बरोबर, म्हणजे सगळं ठीक, असा माझा समज. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. क्षार खालीच राहतात आणि प्रत्येक तांब्याबरोबर नवे येतात. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले ते जीव महिनाभरात एकेक करून गेले. शेवटचा कोपऱ्यात, हवेच्या नळीशी, तोंड वर करून थांबला होता. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पाण्यात भर घालणं आणि पाणी बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी जुनं काढायचं, मग नवं घालायचं.

आता माझ्याकडे गप्पी आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खातं हौदांत सोडतं, तेच. पाण्याची टंचाई असली की घरोघर पाणी साठवून ठेवतात आणि डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून गप्पीचं काम आपल्याकडे मोठं आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा हा मासा जड पाण्यात खुशाल राहतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, साधारण महिन्याला एकदा. पापणीच्या केसाएवढी ती पिल्लं जन्मल्याबरोबर पाणवनस्पतींत लपतात, कारण आईच त्यांना खाते. मात्र जास्त झाले म्हणून ते दुधना नदीत नेऊन सोडू नका. नदीतल्या आपल्या माशांची अंडी-पिल्लंही ते सोडत नाहीत.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, हेही सांगायलाच हवं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट मासे मारतात, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नळाच्या पाण्यातली टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर त्यांना एका धुण्यातही मारू शकते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नवं पाणी नळाचं असेल तर बादलीत उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी घालायचं. वीज गेली की हवेचा पंप थांबतो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी; तेव्हा पेल्याने टाकीतलंच पाणी उचलून उंचावरून सोडत राहायचं. रात्री दोन वाजताही मी ते केलंय.

पहिल्यांदा मी पाणी काढायला बसलो तेव्हा आई म्हणाली, "माणसाला पाणी न्हाई आन् तू माशाचं पाणी बदलायलास?" तिचा राग मला मान्य होता. २०१२-१३चा दुष्काळ आम्ही दोघांनी पाहिलाय. जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. त्या वर्षी टँकरपुढे लावलेला तिचा हंडा अजून घरात आहे. मी तिला हिशेब दाखवला: आठवड्याला बारा लिटर, एवढंच. आणि ते गटारीत जात नाही.

आता दर रविवारी बादली भरली की तीच येऊन उचलते. अर्धी कढीपत्त्याला, अर्धी जास्वंदीला. परवा मी बादली जरा कमी भरली, तर म्हणाली, "आज एवढंच?"