बाप्तिस्म्यानंतरची वर्षे

मराठीतील ख्रिस्ती व्यक्तींविषयी लिहिताना आपले चरित्रकार आणि समीक्षक बहुधा एकाच तारखेपाशी रेंगाळतात, ती बाप्तिस्म्याची. बाबा पदमनजींचा १८५४, पंडिता रमाबाईंचा १८८३, नारायण वामन टिळकांचा १८९५. घरचे कसे दुखावले, समाज कसा खवळला, याचा तपशील भरपूर मिळतो. पुढची वीस-चाळीस वर्षे मात्र दोन-चार परिच्छेदांत उरकली जातात. जणू श्रद्धा म्हणजे एकदा ओलांडायचा उंबरठा, आत गेल्यावर नांदायचे कसे हा प्रश्नच नाही! माझे भांडण या दृष्टीशी आहे, आणि ते केवळ समीक्षकांशी नाही. आमच्या मंडळ्यांतही हाच हिशेब चालतो. नोंदवहीत नाव चढले की काम संपले.

नव्या करारातील इब्री लोकांस पत्र ज्यांच्यासाठी लिहिले गेले ते श्रद्धेत नवखे नव्हते, थकलेले होते. छळ सोसून झाला होता, मालमत्ता गेली होती, काहींनी एकत्र जमणेही सोडले होते. ख्रिस्ताच्या याजकपणाचे गहन विवेचन करता करता पत्रलेखक त्यांना एक साधी, व्यवहारातली गोष्ट सांगतो, ती रोजच्या रोज एकमेकांना धीर देण्याची. एकट्याचे मन निबर होत जाते, हे त्याने ओळखले होते.

आज्ञापालन हा शब्द मात्र आपल्याकडे बदनाम झाला आहे, आणि त्याला कारणही आहे. मिशनच्या आवारात आज्ञा पुष्कळदा साहेबाची असे. साहेब गेला, खुर्ची राहिली. म्हणूनच आधुनिक वाचकाला रमाबाई बंडखोर म्हणून प्रिय वाटतात. इंग्लंडमध्ये सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, त्याची पत्रे १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आली. त्यांतून चर्चच्या अधिकाराला न जुमानणारी स्त्री एवढेच चित्र काढणे हे अर्धे वाचन होय. रमाबाई मध्यस्थाची आज्ञा नाकारतात ती मूळ आज्ञेला बांधलेल्या असल्यामुळे. त्या मोकळ्या असत्या तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन येण्याचे त्यांना कारण नव्हते. केडगावचे मुक्ती सदन या बांधिलकीतून वाढले.

आणि ते एकटीने वाढले नाही. हिब्रू व ग्रीक मूळ भाषांवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात रमाबाईंची अखेरची कित्येक वर्षे गेली. ते छापण्याचे काम मुक्ती सदनातल्याच स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. तिथे कोणी कोणाला धीर दिला याचा निवाडा करू नये. एकीच्या हातात हस्तलिखित होते, दुसरीच्या हातात खिळे.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना ध्यानात येते की त्यांचे सोवळे कोणाच्या प्रवचनाने गळाले नाही. ते स्वतःच्या विचाराने आणि माणसांतल्या वावराने सुटत गेले. त्या ग्रंथात भांडणे आहेत, रुसवे आहेत, हशा आहे. पावित्र्याचा आव कुठेच नाही, आणि म्हणूनच तिथल्या श्रद्धेवर विश्वास बसतो.

स्वतः टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडून बसले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एका बंधुमंडळात यावेत, ही त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले. त्यांची भजने मात्र 'उपासना संगीता'तून आजही रविवारी म्हटली जातात. ज्याचा आवाज बसला आहे त्याचे कडवे तिथे शेजारी पुरे करतो. 'माझी श्रद्धा माझ्यापुरती' असे अभिमानाने सांगणाऱ्या आमच्या सुशिक्षितांना हे सुख ठाऊक नसते.

पाळकांना आणि पंचांनाही एक विचारायचे आहे. मंडळीच्या वार्षिक अहवालात बाप्तिस्मे, विवाह, वर्गणी यांचे रकाने असतात. यायचे थांबलेल्यांसाठी रकाना का नसतो? त्यांच्या घरी वर्षभरात कोण जाऊन आले, असे सभेत उठून विचारणारा सभासदही मला क्वचितच आढळला आहे.