वीज उपकेंद्राची मंजुरी : पैसा आपला, सुनावणी कोणाची?

पालघर जिल्ह्यात माणसांना विजेची विवंचना असते, असे सांगितले तर परमुलखातील माणसास ते खरे वाटणार नाही. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र येथेच, तारापूरला. १९६९ साली तेथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००५ व २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या त्यास येऊन मिळाल्या. ह्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपल्या जागेवरून उठली. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्रही ह्याच जिल्ह्यात. तेथील वीज २२० केव्हीच्या वाहिन्यांवरून वर्सोव्याकडे आणि घोडबंदरकडे जाते. बोईसरला ४०० केव्हीचे आणि २२० केव्हीचे अशी मोठी उपकेंद्रे आहेत. मुंबईच्या दिव्यांचे तेल कित्येक वर्षे ह्या भूमीतून गेले आहे. तथापि ह्या भूमीतील सामान्य माणसास त्या यंत्रणेची मंजुरी कोण देतो, तिचा खर्च कोणाच्या माथी पडतो आणि त्याविषयी बोलण्याचा आपणांस काही अधिकार आहे किंवा नाही, ह्याची फारशी माहिती नाही. ही माहिती नसणे हेच आपले मोठे नुकसान आहे, असे माझे मत असल्यामुळे हा लेख लिहीत आहे.

काही दिवसांपूर्वी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक गृहस्थ कोर्टाच्या कामासाठी माझ्याकडे आले होते. काम आटोपल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेले वीजबिल काढले आणि 'वहन आकार' ह्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "वकीलसाहेब, आम्ही वीज वापरली तिचा आकार वेगळा लावला आहे. मग हे वहन म्हणजे कशाचे? आणि हा आकडा ठरवताना आम्हांला कोणी विचारले होते काय?" प्रश्न साधा होता, पण ह्या साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे.

उपकेंद्र म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. वीज दूर न्यावयाची तर तिचा दाब फार वाढवावा लागतो. गावाजवळ किंवा शहराजवळ आल्यावर तो दाब पायरीपायरीने उतरवावा लागतो. ह्या पायऱ्या म्हणजेच उपकेंद्रे. तेथील रोहित्राची क्षमता ठरलेली असते. वस्ती वाढली, कारखाने वाढले, घरोघर पंखे आणि फ्रीज आले की ती क्षमता अपुरी पडू लागते. मग दाब कमी होतो, दिवे मिणमिणतात, उन्हाळ्यात वारंवार वीज जाते. ह्याची पहिली झळ वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीस बसते. आणि आपल्या बहुतेक वस्त्या कोणत्या टोकाला आहेत, हे मी सांगावयास नको. म्हणून उपकेंद्राच्या क्षमतावाढीस ह्या लेखाचा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. क्षमतावाढ झालीच पाहिजे. ती कोठे आधी व्हावी, कशासाठी व्हावी आणि किती खर्चात व्हावी, हे ठरवताना कोणाचे ऐकले जाते, एवढाच प्रश्न आहे.

कायद्यातही उपकेंद्राचे महत्त्व मोठे आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४३ प्रमाणे, मालकाने अथवा भोगवटादाराने अर्ज केल्यावर एका महिन्यात वीज देणे हे वितरण करणाऱ्या परवानाधारकाचे कर्तव्य आहे. पुढील नियमांनी ही मुदत आणखी कमी केली आहे. परंतु त्याच कलमात एक परंतुक आहे. वाहिनी वाढवावी लागत असेल किंवा नवे उपकेंद्र उभारावे लागत असेल, तर ते काम झाल्यावर अथवा आयोग ठरवील त्या मुदतीत वीज द्यावयाची. म्हणजे कलमाने दिलेला महिन्याचा हक्क परंतुकात उपकेंद्रापाशी येऊन थांबतो. उपकेंद्राची योजना लांबली की घराचा दिवाही लांबतो.

आता मंजुरीकडे वळू. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले आणि ६ जून २००५ रोजी त्याचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण व महावितरण ह्या कंपन्या झाल्या. ह्या कंपन्यांवर आणि खाजगी परवानाधारकांवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९९९ पासून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग आहे. मोठ्या खर्चाची योजना असेल तर कंपनीने तिचा सविस्तर प्रकल्प अहवाल आयोगाकडे पाठवावयाचा आणि आयोगाने तो तपासून तत्त्वतः मंजुरी द्यावयाची, अशी पद्धत आहे. ह्यासाठी आयोगाने २००५ साली मार्गदर्शक तत्त्वे केली आणि २०२२ साली स्वतंत्र विनियम केले. काम पूर्ण झाल्यावर तो खर्च वीजदरात धरला जातो. सर्वसाधारणपणे शंभरातील सत्तर रुपये कर्ज आणि तीस रुपये भांडवल असे गणित धरतात. कर्जावरील व्याज, भांडवलावरील परतावा आणि दरवर्षीचा घसारा ह्या रूपाने ती रक्कम वर्षानुवर्षे ग्राहकांकडून वसूल होते. वितरणाच्या उपकेंद्रांचा आणि तारांचा खर्च 'वहन आकारा'त येतो. मोठ्या पारेषण वाहिन्यांचा खर्च तर घरगुती बिलात वेगळ्या ओळीने छापलेलाही नसतो. तो विजेच्या दरातच मिसळून गेलेला असतो. त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे कठीण आहे. दर ठरवताना जनतेचे म्हणणे ऐकावेच लागते. कलम ६४ प्रमाणे दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेतल्यावरच आयोगास आदेश देता येतो. पारेषणाचा नवा परवाना द्यावयाचा असेल तरी कलम १५ प्रमाणे जाहीर सूचना द्यावी लागते. परंतु एखाद्या उपकेंद्राच्या क्षमतावाढीची तत्त्वतः मंजुरी ही बहुधा कंपनी आणि आयोग ह्यांच्यातील कागदोपत्री कारवाई असते. तेथे जाहीर सुनावणी होत नाही. दराच्या सुनावणीत ती योजना आपल्यासमोर येते तेव्हा रोहित्र बसलेले असते, पैसा खर्च झालेला असतो, आणि शेकडो पानांच्या तक्त्यांत ती योजना एका ओळीपुरती उरलेली असते. भिंत उभी राहिल्यावर पाया कोठे घालावा हे विचारण्यात काय अर्थ आहे?

येथे आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण घेऊ. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसर अंधारात बुडाला. मुंबईस बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, हे त्या दिवशी साऱ्यांस दिसले. वाडा तालुक्यातील कुडूसपासून मुंबईच्या आरेपर्यंत १००० मेगावॅटची, उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाची वाहिनी उभारण्याच्या योजनेस आयोगाने मार्च २०२१ मध्ये परवाना दिला. खर्च सुमारे ७००० कोटी रुपये. हे काम स्पर्धात्मक निविदेने द्यावयास हवे होते, असे म्हणून टाटा पॉवर कंपनीने आव्हान दिले. प्रकरण अपिलीय न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला. निविदा हा एकच मार्ग कायद्याने बंधनकारक नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर दर ठरवण्याविषयीचे विनियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेश देशातील सर्व राज्य आयोगांस दिला.

ह्या निर्णयाचा मी आदर करतो आणि मुंबईस वीज मिळू नये, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राज्यांतर्गत पारेषणाचा खर्च एकत्र करून तो वितरण कंपन्यांवर त्यांच्या मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. त्यामुळे कुडूस-आरे वाहिनीच्या खर्चाचा काही अंश वाडा, बोईसर, इतकेच काय गडचिरोलीच्या ग्राहकाच्याही दरात येतो. तो अंश लहान असेल. पण तो देणारी घरे कोट्यवधी आहेत. सर्वोच्च न्यायालयासमोर दोन्ही बाजूंस मोठमोठे विधिज्ञ उभे होते. वाड्याच्या किंवा बोईसरच्या एका खोलीत राहणारे कुटुंब त्या दाव्यात पक्षकार नव्हते. पैसा त्याचा, आणि युक्तिवाद दुसऱ्यांचा!

विजेचा प्रश्न हा इंजिनिअरांचा आहे, आपला नव्हे, असे आपल्यापैकी अनेकांस वाटते. त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यातच येत. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा विचार देशाच्या दारिद्र्याशी जोडून केला. स्वस्त व विपुल वीज नसेल तर उद्योगीकरण यशस्वी होणार नाही, आणि उद्योगीकरणावाचून शेतीवरील भार हटून गरिबी सुटणार नाही, असा त्यांचा विचार होता. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची उभारणी १९४४ साली झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. आपल्या संविधानात वीज हा विषय समवर्ती सूचीत ३८ व्या नोंदीत आहे. म्हणजे ह्या प्रश्नाचा अभ्यास करणे हे आपणांस परके काम नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल. प्रत्येक रोहित्रासाठी सुनावणी घ्यावयाची म्हटले तर कामे रखडतील आणि अंधारात शेवटी गरीबच बसेल. हा आक्षेप खोटा नाही. आयोग केवळ शिक्के मारतो, असेही माझे म्हणणे नाही. अवाजवी खर्च तो तपासतो आणि कित्येकदा नामंजूरही करतो. म्हणून मी प्रत्येक योजनेसाठी सुनावणी मागत नाही. माझी मागणी लहान आहे. मंजुरीसाठी आलेल्या मोठ्या योजनेचा एका पानाचा मराठी सारांश तयार करावा. त्यात उपकेंद्र कोणते, खर्च किती, लाभ कोणत्या भागास, कारखान्यांस किती आणि वस्तीस किती, हे लिहावे. तो सारांश त्या भागातील वीज कार्यालयात, नगरपरिषदेत आणि ग्रामपंचायतीत लावावा आणि लेखी सूचनांसाठी तीन आठवडे द्यावेत. बिघाडामुळे तातडीचे काम असेल तर ते त्यातून वगळावे. मोठ्या योजनांना आजही तयारीसाठी कित्येक महिने लागतात. त्यांत हे तीन आठवडे सहज बसतील.

सरकार किंवा आयोग हे करील तेव्हा करील. तोपर्यंत जे हक्क हाती आहेत ते आपण वापरतो काय? पश्चिम बंगालच्या वीज आयोगाच्या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ग्राहकांस सुनावणीचा हक्क कायद्यानेच दिला आहे. ग्राहक संख्येने फार आहेत म्हणून तो नाकारता येत नाही, फार तर तो कसा बजावावा ह्याची रीत नियमांनी ठरवता येते. कलम ९४ प्रमाणे ग्राहकांची बाजू मांडण्यास आयोग प्रतिनिधी नेमू शकतो. माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या उपकेंद्राचा प्रकल्प अहवाल आणि मंजुरीचे पत्र ह्यांची प्रत मागता येते. दारिद्र्यरेषेखालील माणसास ते दहा रुपयेही पडत नाहीत. वैयक्तिक तक्रारीसाठी कलम ४२ खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. आयोगाचे कार्यालय मुंबईस कफ परेडला आहे हे खरे, आणि पालघरहून तेथे जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे; परंतु लेखी हरकत घरबसल्या पाठवता येते आणि आता सुनावणी दूरदृश्य पद्धतीनेही होते.

प्रत्येक वस्तीने एवढे करावे. शिकलेल्या दोन मुलामुलींनी वस्तीतील बिले एकत्र करावीत, वर्षभरात वीज किती वेळा व किती तास गेली ह्याची वही ठेवावी आणि आपली वाहिनी कोणत्या उपकेंद्रातून येते हे विचारून लिहून घ्यावे. दराची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येईल तेव्हा ती वही समोर ठेवून एक पानाची हरकत लिहावी. तिच्यात कायद्याची भाषा नसली तरी चालेल. तारखा आणि तास असले पाहिजेत. अशी हरकत लिहिण्यास ज्यांना वकिलाची मदत हवी असेल, त्यांच्याकडून फी घेऊ नये, अशी विनंती मी माझ्या व्यवसायबंधूंस करतो. मी स्वतः ती घेणार नाही. त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, आणि जाताना त्यांनी बिलाची एक प्रत माझ्याकडे ठेवली. वहीचे पहिले पान तिच्यापासून सुरू झाले आहे.