एडवर्डियन खिडकी : जपायचे काय, रूप की जोडणी?

१/७
लंडनच्या उपनगरांत विसाव्या शतकाच्या आरंभीची विटांची घरे आजही रांगेने उभी आहेत. त्यांच्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या पाहा. वरच्या झडपेत लहान लहान तावदाने, खालच्या झडपेत एक-दोनच मोठ्या काचा. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० राज्यावर होता. या शैलीला त्याचेच नाव मिळाले.

२/७
लहान तावदाने ही मुळात अठराव्या शतकाची निकड. फुंकून व फिरवून केलेल्या काचेच्या तबकडीतून मोठा तुकडा निघत नसे. पुढे कारखान्यांतून मोठी काच येऊ लागली. काचेवरचा कर १८४५ मध्ये, तर १६९६ पासूनचा खिडकीकर १८५१ मध्ये रद्द झाला.

३/७
मग १९०५ च्या घरात लहान तावदाने कशासाठी? केवळ हौसेसाठी! रिचर्ड नॉर्मन शॉ यांच्यासारख्या वास्तुकारांनी १८७० च्या दशकापासून जुन्या घरांचे रूप पुन्हा प्रचारात आणले होते. म्हणजे ही खिडकी स्वतःच एक अनुकरण आहे.

४/७
येथे एक रास्त आक्षेप उभा राहतो. अनुकरणाच्या जागी प्लॅस्टिकचे अनुकरण बसले, तर बिघडले कुठे?

५/७
माझे उत्तर खिडकीच्या आत दडलेले आहे. पोकळ चौकटीत बिडाची वजने, त्यांना दोरी, वर कप्पी. दोरी तुटली तर दोरी बदला. काच फुटली तर लांबी खरवडून नवी बसवा. खालची पट्टी कुजली तर तेवढीच कापून नवे लाकूड जोडा. म्हणूनच शंभरी उलटलेल्या कित्येक खिडक्या आजही सरकतात.

६/७
प्लॅस्टिकच्या खिडकीत तावदानांच्या पट्ट्या बहुधा काचेवर चिकटवलेल्या असतात. तिची चौकट तडकली, तर सुतार तिला ठिगळ लावू शकत नाही. थंडीची तक्रार मात्र खरी आहे. पण फटी बुजवून आणि आतून दुसरी काच लावून ती पुष्कळ कमी करता येते. त्यासाठी मूळ खिडकी उखडावी लागत नाही.

७/७
एडवर्डियनांनी पूर्वजांचे रूप उसने घेतले, तसे त्यांचे सुतारकामही पुढे चालवले. आपण केवळ रूप उचलतो आणि दुरुस्तीची वाट बंद करतो. मूळ खिडकी उरली नसेल, तर त्याच जोडणीची नवी लाकडी खिडकी मला निःसंकोच मान्य आहे. वारसा जपायचा तो पुढच्या सुताराला उघडता येईल असा.