सोयीचे लग्न आणि वाचकांचा रोष

सोय पाहून लग्न करणारी नायिका मराठी वाचकास सहसा रुचत नाही. धाकट्या भावंडांच्या डोक्यावर छप्पर हवे म्हणून ती एका श्रीमंत विधुराशी विवाह ठरविते. त्यास मुलांसाठी आई हवी असते. दोघांत रोखठोक करार होतो आणि दोनशे पानांच्या प्रवासात कराराचे रूपांतर प्रीतीत होते, असा या कादंबऱ्यांचा ठरलेला साचा. शनिवार पेठेसारख्या वाचनवेड्या वस्तीत अशा कादंबरीवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. नायिका हिशेबी आहे, हा पहिला. हिशेबातून प्रेम उगवत नसते, हा दुसरा.

दुसऱ्या आक्षेपाचा फार विचार करण्याचे कारण नाही. तो घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचे विवाह पत्रिका, पगार आणि अर्ध्या तासाचे कांदेपोहे यांवरच जुळलेले असतात आणि आपला संसार प्रेमशून्य आहे असे त्यांतील कोणी कबूल करणार नाही. पेठेने बिजवराच्या घरी दिलेल्या मुली थोड्या नाहीत. ‘मुलांना आई हवी’ हे कारण कादंबरीकाराच्या कल्पनेतून निघालेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यांत, बैठकींत उघडपणे सांगितले गेले आहे.

खरा रोष पहिल्या आक्षेपात आहे. देवलांचे ‘संगीत शारदा’ 1899 मध्ये रंगभूमीवर आले. कांचनभट पैशासाठी आपली कोवळी मुलगी जख्ख भुजंगनाथास देऊ करतो, हा त्यातील सौदा. प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये (1937) मामाने फसवून वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा आहे, ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला. या दोघींसाठी महाराष्ट्राने मनापासून अश्रू ढाळले, आणि ते योग्यच झाले. परंतु दोन्ही ठिकाणी सौदा ठरविणारे दुसरेच कोणी होते. मुलगी विकली गेली तर ती करुणेस पात्र ठरते. तिने स्वतःच बोलणी केली, अटी घातल्या, की ती हिशेबी ठरते. व्यवहार तोच, बोलणारे तोंड तेवढे बदलले. वाचकास न पटणारी गोष्ट ती हीच.

वस्तुतः पेठेतील विवाहात जागेचा हिशेब कधी नव्हता? 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने वाड्यांतील खोल्यांची भाडी गोठविली आणि मूळ भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरूचा हक्क दिला. शहरात नव्याने जागा मिळणे दुरापास्त असताना अल्प भाड्याच्या दोन खोल्या हा वराचा मोठाच गुण होता. वधूपित्याने त्याची चौकशी केली तर ती दूरदृष्टी, आणि कादंबरीतील मुलीने तीच केली तर तो स्वार्थ!

कराराला मुदत असली, वर्षभराने वेगळे होण्याची सोय असली, तर वाचक अधिकच बिथरतो. पण बाहेर पडण्याची वाटच नसेल तर घासाघीस कसली? विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि शिकलेल्या, अविवाहित तरुणींची घुसमट प्रथमच इतक्या उघडपणे मांडली गेली. त्या घुसमटीपेक्षा लेखिका कोण याच्याच शोधात समाज अधिक रमला. पुढच्याच वर्षी आलेल्या त्यांच्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीतील परित्यक्ता अचला विवाहाविना दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडते. तिला दुसरा मार्ग तरी कोणता होता? मुंबई राज्यात हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो 1947 मध्ये, देशभर 1955 मध्ये. अचलेला जी वाट कायद्याने नाकारली होती, ती आजच्या नायिकेने करारात आधीच लिहून घेतली तर तिला शहाणी म्हणावयास हवे.

या कादंबऱ्यांत दोष नाही असे मात्र नाही. तो आरंभीच्या करारात नसून अखेरच्या प्रकरणात आहे. नायकाने प्रेमाची कबुली दिली की लेखक जमाखर्चाची वही मिटून टाकतो. नायिकेची नोकरी सुटते, तिच्या अटी विसरल्या जातात आणि जे छप्पर मिळविण्यासाठी तिने एवढा खटाटोप केला, ते नवऱ्याच्याच मालकीचे राहते. पहिल्या पानावरील परावलंबन शेवटच्या पानावर तसेच असते. फक्त आता त्यास सुख म्हणावयाचे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायिकाचा हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला, केंद्राने 2005 मध्ये. केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत राज्यात 2021 पासून आहे. कायदा येथवर आला, तरी कादंबरीकाराची लेखणी त्या दस्तापाशी पोहोचलेली नाही. आणि कादंबरीच्या शेवटी बंगला कोणाच्या नावावर झाला, ही विचारणा हिशेबी नायिकेवर रागावणाऱ्या वाचकांकडूनही क्वचितच होते.