दुर्मिळ रंगाचा बाजार

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिकोची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. अशा या शहरात खरेदीला आलेला शेतकरी पिशवीवरच्या रंगीत चित्राला भुलत नाही. वाण कोणते, लॉट नंबर कोणता, उगवणशक्ती किती, हे तो वाचतो आणि पक्की पावती मागून घेतो. मात्र त्याच शेतकऱ्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा कुत्र्याचे पिल्लू घ्यायला निघाला की बापाचे हे शहाणपण घरीच ठेवून निघतो. मोबाईलवर फोटो पाहायचा, ‘दुर्मिळ रंग, दोनच पिल्ले शिल्लक’ हे शब्द वाचायचे आणि पैसे पाठवून मोकळे व्हायचे! मस्तगडच्या गल्लीत काय आणि पुण्या-मुंबईच्या सोसायटीत काय, चित्र एकच.

मित्रहो, हा ‘दुर्मिळ’ शब्द जरा तपासून पाहू. लॅब्रॅडॉर या जातीचे मान्य रंग तीनच आहेत: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. बाजारात मात्र ‘सिल्व्हर’ आणि ‘शॅम्पेन’ लॅब्रॅडॉर चढ्या भावाने विकले जातात. हे रंग आभाळातून पडलेले नसतात. रंग फिका करणारे एक अप्रभावी जनुक आईकडून आणि बापाकडून असे दोन्हीकडून आले, की पिल्लू राखी किंवा रुपेरी दिसते. असे रंग हमखास मिळावेत म्हणून काही विक्रेते जवळच्या नात्यातील नर-मादी एकत्र आणतात. त्यामुळे रंगाबरोबर घराण्यातले रोगही पक्के होतात. अशा फिक्या रंगाच्या काही कुत्र्यांचे केस पुढे गळतात आणि कातडी खराब होते.

ठिपकेदार ‘मर्ल’ रंगाची गोष्ट तर याहून वाईट आहे. दोन मर्ल कुत्र्यांचा संकर केला, तर सरासरी ४ पैकी १ पिल्लू दोन्हीकडून ते जनुक घेऊन जन्मते. असे पिल्लू बहुधा पांढरे असते आणि पुष्कळदा बहिरे किंवा आंधळे निघते. ज्याला विक्रेता ‘अतिदुर्मिळ’ म्हणतो, त्याला पशुवैद्य व्यंग म्हणतो. किंमत मात्र विक्रेत्याच्या शब्दाला मिळते!

आपला समाज या बाबतीत नेहमीच जाहिरातीच्या मागे धावत आला आहे. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या चित्रपटातील टफी घरोघरी लाडका झाला. त्याच्यासारखे कुत्रे आपल्याकडे ‘पॉमेरियन’ म्हणून विकले जातात, पण ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतात. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत पग आला आणि चपट्या नाकाच्या या प्राण्याला एकाएकी मागणी आली. त्याला श्वास घेताना किती कष्ट पडतात, हे विकत घेतल्यावर कळले. आता सैबेरियाच्या बर्फातला हस्की मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत धापा टाकतो आहे. याला प्राणिप्रेम म्हणावे काय?

वास्तविक कुत्रा पारखण्याची विद्या आपल्या मातीला नवी नाही. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या पायाशी कुत्रा आहेच. कारवानी आणि पश्मी हे दख्खनच्या माळरानावरचे सडपातळ, लांब पायांचे कुत्रे. जाणकार माणूस त्यांचा दम पाहतो, धाव पाहतो, आई-बाप पाहतो, रंग शेवटी. पण आज याच कुत्र्यांनाही बाजाराचा वारा लागला आहे. २००५ साली मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट निघाले, पुढे सैन्यानेही मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी घेतली आणि या नावाला भाव आला. तेव्हापासून कुठलाही बारीक कमरेचा कुत्रा ‘अस्सल मुधोळ’ होऊ लागला आहे.

काही मित्र म्हणतील, हौसेला मोल नसते. शिवाय या धंद्यावर चार बेकार तरुणांचे पोट चालते. पोट चालावे, यात दुमत नाही. प्रामाणिकपणे कुत्री पाळून विकणारेही आहेत, आणि बनावट ‘दुर्मिळ’वाल्यांमुळे पहिले नुकसान त्यांचेच होते. परंतु हौसेचे मोल कोणी तरी देतच असते. येथे ते पिंजऱ्यातली मादी देते. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीसंबंधीचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. विक्रेत्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. ८ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये. १८ महिन्यांपूर्वी आणि ८ वर्षांनंतर मादीची वीण घेऊ नये आणि तिच्या आयुष्यात ५ पेक्षा जास्त विणी होऊ नयेत, असे त्यात स्पष्ट आहे. नियम चांगले आहेत. पण गिऱ्हाईकच विचारत नसेल तर ते कागदावरच राहणार.

म्हणून विचारण्याचे काम आपले आहे. नोंदणीचा कागद दाखवा, लसीकरणाचे पुस्तक दाखवा, आणि मुख्य म्हणजे पिल्लाची आई दाखवा. जो आई दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये, हा साधा नियम आपण पाळला तरी निम्मा बाजार उठेल. आणि केवळ सोबतच हवी असेल, तर आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्याचे पिल्लू काय वाईट आहे? त्याला इथले ऊन सोसते आणि आपली भाकरी पचते.

बियाणे खोटे निघाले तर एक हंगाम बुडतो, आणि शेतकरी निदान तक्रार तरी करतो. खोट्या कौतुकापायी जन्माला घातलेला मुका जीव दहा-बारा वर्षे ते भोगतो, किंवा हौस फिटल्यावर एखाद्या रात्री रस्त्यावर सोडला जातो. त्याची तक्रार नोंदवून घेणारी कचेरी कोठेही नाही. ती आपल्या मनातच उघडावी लागेल.