घर लहान, म्हणूनच मृत्युपत्र

"आमच्याकडे आहे काय, म्हणून मृत्युपत्र करायचं?" मध्यमवर्गीय घरांतला हा प्रश्न नम्र वाटतो, पण त्यामागचा हिशेब साफ चुकीचा आहे. बंगला, दुकान, शेत असे सगळे असेल तर तीन मुलांत तीन वाटे पडू शकतात. डोंबिवलीतल्या वन-रूम-किचनचे वाटे कसे पाडणार? १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा हिस्सा मिळतो. म्हणजे जिने ते घर उभे केले, तिच्या वाट्याला तीन मुले असतील तर चौथाई. सासू हयात असली तर पाचवा हिस्सा. एकाने पैसे मागितले आणि बाकीच्यांची ऐपत नसली की घर विक्रीला निघते आणि म्हातारी उघड्यावर येते.

"कायदा आहेच की," असे म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २००९चा एक निकाल वाचावा. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या स्त्रीला सासरच्यांनी घराबाहेर काढले. आईवडिलांनी शिकवले, ती नोकरीला लागली. मूलबाळ नव्हते, मृत्युपत्रही नव्हते. तिच्या आयुष्यभराच्या कमाईवर हक्क ठरला नवऱ्याकडच्या वारसांचा! सहानुभूतीवर कायदा चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोन ओळी लिहिल्या असत्या तर तो पैसा माहेरी गेला असता. निपुत्रिक, कमावत्या स्त्रीने तर मृत्युपत्र उद्यावर टाकूच नये.

"नॉमिनी लावलाय" हे उत्तरही पुरत नाही. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते, पण त्यावरचा वारसांचा हक्क संपत नाही. शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये स्पष्ट केले.

राहिला अपशकुनाचा मुद्दा. आयुर्विम्याचे हप्ते भरताना तो कुणाला आठवत नाही.

आणि खर्च? साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. मागाहून खोटेपणाचा आरोप करणे अवघड जाते. मत बदलले तर नवे करता येते, शेवटचे तेच खरे. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते आपल्यापेक्षा तरुण निवडावेत. उद्या वाद झाला तर कोर्टात सही ओळखायला त्यांनाच उभे राहायचे असते.