शाळेला काय सांगायचं?

मैत्रिणींनो, मुलाला कावीळ झाली की आपण बिनदिक्कत शाळेत चिठ्ठी पाठवतो. पण दहावीतली मुलगी मनाच्या आजारानं खचली, डॉक्टरांनी औषधांबरोबर आठवड्यातून दोनदा समुपदेशनाला बोलावलं, की त्याच चिठ्ठीत आपण लिहितो, "पोट दुखत होतं."

कळंब, परंडा, तुळजापूर अशा गावांत सगळे एकमेकांना ओळखतात. उद्या लग्नाच्या वेळी कुणी हे उकरून काढलं तर? ही धास्ती खोटी नाही. पण दर आठवड्याला पोट तरी किती दुखणार? उपचारासाठी सोलापूर गाठायचं तर अख्खा दिवस मोडतो. हजेरी घटते, बाई रागावतात आणि आधीच खचलेली पोर वर्गात खोटारडी ठरते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-उमरगा भागात कित्येकांची झोप उडाली होती. त्यांना आपण वेडं म्हटलं का? मग लेकीच्याच दुखण्याची लाज कशाला?

तेव्हा लपवूही नका आणि सगळं उघडंही करू नका. शाळेला आजाराची कहाणी नको असते. काय सोय करायची, तेवढं कळलं की पुरे.

आधी डॉक्टरांकडून दाखला घ्या. उपचार साधारण किती महिने चालतील, कोणत्या वारी यावं लागेल, शाळेत कोणती सवलत हवी, एवढं त्यात असावं. आजाराचं नाव घालायचं की नुसतं 'वैद्यकीय उपचार' म्हणायचं, हे मुलीला विचारून ठरवा बरं का! मग मुख्याध्यापकांना वेळ मागून भेटा. व्हरांड्यात उभ्या-उभ्या बोलू नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

अर्जात "सहकार्य करावे" असं मोघम नको. स्पष्ट लिहा: मंगळवारी व शुक्रवारी रजा मिळावी; बुडालेला गृहपाठ आठवड्यानं स्वीकारावा; चुकलेली घटक चाचणी नंतर घ्यावी; जीव घाबरला तर कारण न विचारता बाहेर बसू द्यावं; आणि ही माहिती संबंधित शिक्षकांपुरतीच राहावी.

कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, आणि अशा मुलांची गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला तो सांगतो. मात्र प्रत्येक दुखणं त्यात बसत नाही. आजार गंभीर, लांबलेला असेल तर प्रमाणपत्राविषयी डॉक्टरांना विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे.

दहावीची हजेरी कमी पडेलसं वाटलं, परीक्षेत जादा वेळ हवा असला, तर शाळेमार्फत लातूरच्या विभागीय मंडळाकडे विचारणा करा. तीही दिवाळीच्या आधी. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ व्यर्थ जाते. शाळेनं नकार दिला तर तो लेखी मागा आणि जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.

आणि एक. मुलगी "जगावंसं वाटत नाही" म्हणाली, तर शाळा, अर्ज सारं बाजूला ठेवा. तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मराठीत, विनामूल्य बोलता येतं. दहावी पुढच्या वर्षीही देता येते.